कोटांच्या खोलीतली कॅसेट

डूगल्डकडे सगळं नीट आहे.
एकोणचाळीस रात्री, थेट मिक्सरमधून उतरवलेल्या,
डब्यांवर तारखा, गाण्यांचा क्रम,
कोणाची तार कितव्या गाण्यात तुटली तेसुद्धा.
रविवारी हेडफोन लावून तो त्या घासतो, पुसतो, वाळत घालतो,
मग धाडतो आम्हाला एकेक.
लख्ख आहेत.
इतक्या, की त्यांत कोणी राहत नाही.
गाणं संपतं आणि टाळ्यांच्या जागी
नुसती एक बारीक खरखर.

माझ्याकडे आहे ती एफीची.
डंडीतला तो बोलिंग क्लब, जिन्याच्या बावीस पायऱ्या,
वर हॉल आणि हॉलआधी कोटांची खोली.
तिथे ती बसायची, कोटामागे वीस पेन्स,
आणि एका गुरुवारी मांडीवर
आईच्या स्वयंपाकघरातला टेपरेकॉर्डर,
झाकण रबरबँडने बांधलेलं.
तिला गाणीच हवी होती.
मध्ये आले एकशेदहा ओले कोट.

दार उघडलं की गाणं आत घुसतं.
दार लागलं की ते पलीकडे
शेजारच्या भांडणासारखं:
शब्द नाहीत, नुसता राग.
आणि अलीकडे, अगदी कानाशी,
बासष्ट नंबर, हिरवा, खिशात संत्रं आहे बघ.
अगं, तो नाही आला. नाहीच आला.
नाक तुझ्याच कोटाला पूस, दुसऱ्याच्या नको.
हँगर पडतो.
कोणीतरी खूप हसतं, निर्लज्जासारखं,
ती मी आहे असं एफी म्हणते.

दारावर मॉर्व्हेन असायची. दिवसा लायब्ररीत,
म्हणून शिक्काही लायब्ररीचाच,
पुस्तकात मारतात तो, परत करायच्या तारखेचा.
दोन पौंड द्या, मनगट पुढे करा,
पुढल्या महिन्याचा पहिला गुरुवार
जांभळ्या शाईत.
कचेरीत आम्ही बाह्या खाली ओढून बसायचो
आणि जेवणाच्या सुट्टीत हळूच वर करून बघायचो.
शेवटचा शिक्का ३ जून १९९९.
त्या दिवशी बावीस पायऱ्या चढून गेलो तर
दाराला साखळी, आणि विक्रीला आहे अशी पाटी.
स्ट्रुअन म्हणाला, आता दंड चढत जाणार.
तो म्हणायचा ते फार कोणाला ऐकू जायचं नाही.

आता तिथे फरशांचं दुकान आहे.
मी एकदा गेले, बाथरूमचं निमित्त काढून.
स्टेज होतं तिथे तीन कोरडे नळ.
विक्रेता पोरगा, विशीतला,
म्हणाला, इथे आवाज विचित्र घुमतो ना?
मी म्हटलं, हो. आणि करड्या रंगाचा एक नमुना घेऊन आले,
कशालाच न लागणारा.

स्ट्रुअनला जाऊन नऊ वर्षं झाली.
त्याची ग्रीअर आली मार्चमध्ये,
टेच्या पाण्यावरून धुकं चढत होतं, पूल निम्मा गायब.
डूगल्डच्या सगळ्या रात्री ऐकून झाल्या तिच्या.
बाबा आहे म्हणाली, प्रत्येक गाण्यात आहे, ताल चुकत नाही कुठे.
पण बोलत नाही.
ड्रमवाल्यापुढे माईक कोण ठेवतं.

एफीची कॅसेट. दुसरी बाजू.
मी पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे.
दार उघडतं. गाण्याचा लोट. दार.
मग नाण्यांचा खुळखुळ, आणि धापा टाकत तो:
पुलापलीकडे जायला दीड पौंड कमी पडतोय,
कोणी आहे का माझ्या बाजूचं?

ग्रीअरने चहा खाली ठेवला.
परत, म्हणाली.
मी परत लावलं.
अकरा वेळा.
बाराव्यांदा तिने विचारलं, मग? दिले का कोणी?
टेपवर कळत नाही. तिथे हँगर पडतो.
मला आठवतही नाही.
दिले, मी म्हटलं.

डूगल्डचा फोन आला रात्री.
आण की, म्हणाला, साफ करून देतो,
आवाज असा वर येईल, समोर बसल्यासारखा.
येईल. हात चांगला आहे त्याचा.
मी म्हटलं, आणते,
पण कोट काढू नकोस.